बारा लिटर

भिंतभर पडद्यावर पुणं उताणं पडलेलं असतं,
निळ्या नसा, हिरवे ठिपके,
खडकवासल्यापासून वडगाव शेरीपर्यंत.
मी खुर्चीत बसून त्याची नाडी बघते.
कुठे दाब उतरला, कुठे मध्यरात्री उगाच पाणी धावतंय,
ठिपका लाल होतो, मी फोन उचलते.
पगार याचाच मिळतो.

पर्वती पायथ्याच्या एका गल्लीतला ठिपका
महिनाभर लालहिरव्यात घोटाळत होता.
मशीन म्हणे गळती आहे. कुठे, ते सांगेना.
शेवटी निवृत्ती भिलारेंना बोलावलं,
रिटायर्ड व्हॉल्व्हमन, पस्तीस वर्षं चाव्या फिरवलेला माणूस.
"तांबोळी मॅडम, गाड्या निजल्या की येतो," म्हणाले.

रात्री दोनला आले. खांद्यावर सळई, बाकी काही नाही.
सळईचं एक टोक रस्त्याला, दुसरं कानाला.
चार पावलं. थांबले. पुन्हा चार.
एक कुत्रं भुंकलं, तर बोट वर करून त्यालाही गप्प केलं.
मग उंबराशी उकिडवे बसले,
"हितं. पितोय लेकाचा."

उंबर घोट्यापर्यंत काँक्रीटमध्ये,
आणि भर एप्रिलात असा हिरवा, की चीड यावी.
बुंध्याला दत्ताची तसबीर, दोन उदबत्त्यांच्या काड्या.
गल्ली म्हणायची, उंबराखाली झरा असतोच, जुनी माणसं सांगतात.
झरा कसला?
आपलीच सहा इंची लाइन.

खणलं तर मुळं सांध्यात शिरलेली, केसांइतकी बारीक.
कामगाराने कोयता उचलला.
भिलारेंनी तो हातातून काढून घेतला
आणि एक एक मूळ बोटांनी बाजूला केलं,
शाळेत निघालेल्या पोरीचे केस विंचरावेत तसं.
क्लॅम्प बसला. वर खडी, वर सिमेंट.
ठिपका हिरवा.

दिवसाला नऊ हजार लिटर वाचले.
मीटिंगमध्ये माझी स्लाइड दोनदा दाखवली.
ते पाणी धायरीकडे कुणाच्या तरी हंड्यात पडलं,
टँकरमागे धावायची एक खेप चुकली असेल कुणाची.
हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.
ते बरोबरच झालं.

मे महिन्यात उंबराने पानं टाकायला घेतली.
जूनपासून चौकीच्या मीटरवर नवीच ओळ दिसू लागली:
पहाटे पावणेपाच. बारा लिटर.
दुसऱ्या दिवशीही पावणेपाच, बारा लिटर.
सिस्टिम विचारायची, विसंगती आढळली, काय करू?
प्लॅस्टिकच्या बादलीत बारा लिटर मावतात,
हे सिस्टिमला कुणी शिकवलेलं नाही.
मी रोज 'दुर्लक्ष करा' दाबायचे,
आणि रोज आधी ती ओळ शोधायचे.

माघात एका सकाळी ओळ नव्हती.
शून्य.
दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्याही.
पडदा खूश. सगळं सुरळीत, म्हणाला,
विसंगती आपोआप दूर झाली.

चौथ्या पहाटे स्कूटर काढली.
गल्ली झोपेत. बुंध्याभोवतीचं काँक्रीट
कुणीतरी पहारीने वीतभर फोडून काढलेलं,
आत माती, हाताने सारखी केलेली.
बादली पालथी. तिच्यावर दोन उंबरं पडून फुटलेली.
वरच्या खिडकीतून एक बाई म्हणाली,
"काकांना ससूनला नेलंय. छातीत पाणी झालं म्हणे."
पुढे तिलाही काही माहीत नव्हतं.

चौकीचा नळ कुरकुरला.
बादली भरायला माझ्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला,
आणि ती जडही निघाली.
अर्धं पाणी सलवारीवर, उरलेलं मातीत.
मातीने आवाज न करता घेतलं.
बादली होती तशी पालथी ठेवली.

नऊला ऑफिसात येऊन पडदा उघडला.
पहाटे पावणेपाच, बारा लिटर.
विसंगती आढळली, काय करू?

मी पर्स ठेवली. ससूनला फोन लावला.
तो वाजत होता तोवर
ती ओळ तशीच लाल राहू दिली.