पदाचं वर्णन

डुलुथचं सरोवर अजून गोठलेलंच.
बाहुली-नाट्यगृहाच्या तळघरात
विश्वस्त मंडळ मला सांगतंय काय हवं ते:
दूरदृष्टी, देणगीदारांशी सलगी,
पंधरा वर्षांचा अनुभव, शक्यतो मोठ्या शहरातला.
मी लिहून घेते. त्याचेच तर पैसे घेते.

रोवेना हाल्व्हरसन कोपऱ्यात,
बाहुलीच्या कोपरात दोरा ओवत बसलेली.
एकतीस वर्षं. एका हिवाळ्यात
सगळ्यांचे पगार तिच्या गाडीच्या किमतीतून झाले,
हे तिकीटखिडकीवरच्या पोरानं सांगितलं.
हे मी कुठल्या रकान्यात घालू?

चौथा उमेदवार सस्काटूनचा, बूट ओले.
दूरदृष्टीबिष्टीवर अडखळला.
मग त्यानंच विचारलं,
"रात्री बॉयलर कोण बंद करतं?"
अध्यक्ष कोस्कींनी घड्याळ पाहिलं.
रोवेनाचा दोरा थांबला.

चार विरुद्ध तीन.

जूनमध्ये ती किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली.
बाकीच्या निघाल्या,
बॉयलरची कडीतून सुटेना.
तिचं नख तुटलं.
किल्ल्या काढणं माझ्या करारात नव्हतं.
मी कडी दातांत धरली.