डावीकडचा नमस्कार

डॉक्टर भारंबेंनी कागदावर एक गोल काढला,
त्याच्या आत दुसरा, लहान.
"डोळ्याची नस मागच्या पडद्यावर अशी दिसते.
मधली ही वाटी.
तुमची जरा मोठी आहे."
जरा म्हणजे किती?
"दहात सात."

मी सावद्याजवळ केळीच्या रोपांच्या लॅबमध्ये असते.
एका कोंबाचे हजार कोंब,
बाटल्यांतून ओळीने, सगळे एकच.
मी तेच विचारलं: म्हणजे मीही त्याच कंदाची?
ते हसले. माणसांचं तसं नसतं म्हणाले.
एक जनुक नाही, कित्येक; प्रत्येकाचं चिमूटभर.
वाटी वारशात येते, आजार येईलच असं नाही.
कुणाची जन्मापासून मोठी आणि नजर खणखणीत,
कुणाची कड मात्र ढासळत जाते
तापीकाठच्या भुईसारखी,
रात्री, कुणाला न उठवता.
"घरात कुणाला काचबिंदू?"

घरात.
आमचे आप्पा, तोताराम नारखेडे,
स्टेशनावर वॅगनीत चढणारे घड मोजायचे.
मोजणीत चूक नाही कधी.
डावा खांदा तेवढा दाराच्या चौकटीला लागायचा,
रोज त्याच जागी.
तिथला हिरवा रंग उडून लाकूड गुळगुळीत झालेलं.
आई म्हणायची, धांदरट.

आणि फैजपूरचं ते लग्न.
सुपडूकाकांनी डावीकडून हात जोडले,
आप्पा सरळ पुढे गेले आणि पंगतीला बसले.
"सख्खा भाऊ दिसत नाही याले,
इतला मोठा झाला का?"
बावीस वर्षं.
दोन घरांत चार हातांचा बोळ,
त्यातून फक्त मांजर जायचं.

आप्पांचं अंधुक झालं तेव्हा
आम्ही मोतीबिंदू समजलो.
पिकू द्या म्हणालो, थांबलो.
हा पिकत नाही.
शेवटी भाकरी दिसायची, ताट दिसायचं नाही.

सख्ख्यांना तपासून घ्या, डॉक्टर म्हणाले.
काल मी बोळ ओलांडला.
सुपडूकाका ओट्यावर
केळीच्या सोपटाची दोरी वळत बसलेले.
मी मुद्दाम डावीकडे उभी राहिले.
हात जोडले.
दोरी वळली जात होती.
मी मोजलं, आप्पांसारखं, मनात, घड घड,
दहापर्यंत.

मग समोर आले.
"आवं! कव्हा आली वं तू?"
आत्ताच, काका.
उद्या भुसावळला येता का माझ्यासोबत?
"कायले?"
डोळे दाखवायला. माझे.

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले,
मान थोडी वळवून,
आप्पा वळवायचे तशी.
मग टोपी आणायला आत गेले.
चौकटीकडे मी पाहिलं नाही.
आवाज ऐकला.