मळलेल्या कडा

समितीचं पत्र आलं: नियतकालिकं अठ्ठेचाळीस,
पैसे एकतीसांचे.
सतरांना नारळ द्यायचा, आणि तो आकड्यांनी द्यायचा,
म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही.

प्रभात रोडच्या गल्लीत दुसरा मजला, खिडकीशी बुचाचं झाड.
मी एक्सेल उघडलं. इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स,
दोन वर्षांत कुणी कुणाला किती वेळा उद्धृत केलं.
भरता भरता कळत गेलं,
काहीजण एकाच पंगतीत बसून
एकमेकांनाच आग्रह करकरून वाढतायत.

गायखे चौतीस वर्षं हे खंड चढवतात, उतरवतात.
म्हणाले, मॅडम, आत कशाला बघता?
मिटलेला धरा. कड उजेडाकडे.
जिथं काळी रेघ, तिथं बोटं लागली.
बाकी नुसतं छापलंय.

तीन दिवस आम्ही कडा बघत बसलो.
साडेअकरा इम्पॅक्टवालं, डॉलरात येणारं,
खोबऱ्याच्या वडीसारखं पांढरं.
(लोक ते पडद्यावर वाचतात.
हे मला माहीत होतं. गायख्यांना बोलले नाही.)

आणि नारायण पेठेत छापलेलं ते त्रैमासिक,
वर्गणी दोनशे, मनीऑर्डर चालेल.
कुठल्याच यादीत नाही.
खंड नऊ, पान एकशे बारा:
मुठेच्या पात्रातल्या गोगलगायी, ले. व. शं. कोपर्डेकर.
उद्धरणं शून्य.
कड तव्याच्या बुडासारखी.

कोण वाचतं हे?
पाटबंधाऱ्यातला एकजण येतो मे महिन्यात.
हेल्मेट काखेत. तेच पान मागतो,
वहीत काहीतरी उतरवतो,
जाताना खंड स्वतः जागेवर लावतो.
नाव? नाही विचारलं कधी.

मी नवा रकाना काढला: मळ.
पाचपैकी गुण.

पाचपैकी पाच एकालाच पडले,
रसायनशास्त्राच्या एका जाड जर्मन खंडाला.
उघडला, तर पानं अजून जोडलेलीच,
कुणी सुरीसुद्धा घातली नव्हती.
गायखे फरशीकडे बघायला लागले.
तो दाराला लावायचो मॅडम,
वाऱ्यानं फार आपटायचं.

रकाना मी पुसला नाही.
सोमवारी डॉ. जठारांनी त्यावर बोट ठेवलं,
हा आकडा कुठल्या एजन्सीचा?
म्हटलं, स्थानिक आहे.
त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

सतरा गेली. गोगलगायी राहिल्या;
दोनशे रुपयांसाठी कोण भांडणार.

दाराला आता वीट आहे.
मे लागून नऊ दिवस झाले, जिन्यात कुणाची चाहूल नाही.
आज दुपारी गायखे डबा धुवायला गेले तेव्हा
मी खंड नऊ काढला,
एकशे बारावं पान उघडलं,
आणि शिक्क्याच्या शाईचा अंगठा
कडेवर हळूच टेकवला.