हजेरीवही

माझं अक्षर वळणदार. एवढ्यावरच
कॅप्टन बीबींनी मला कंपनीचा कारकून केलं.
पहिल्या दिवशी ब्याण्णव नावं लिहिली:
उंची, डोळ्यांचा रंग, धंदा.
शेतकरी, शेतकरी, शेतकरी, एक शिंपी,
चर्चच्या पेट्या दुरुस्त करणारा एक,
आणि हाल्वर ट्वाइट, पिंपं बांधणारा,
पाच फूट चार इंच, डोळे करडे.
जन्मगाव त्यानं दोनदा सांगितलं, मला लिहिता येईना.
'नॉर्वे' एवढंच टाकलं. तो हसला.

कुणी ओढून नेलं नव्हतं आम्हाला.
आयोवातला मका घरात आला, बँड वाजला,
विलो फोर्कच्या बायकांनी मोजे विणून दिले.
गुलामी मोडायची म्हणून निघालेले चौघं-पाचजण,
बरेचसे महिन्याच्या तेरा डॉलरसाठी,
आणि मी, शेजारचा ॲन्सेल निघाला म्हणून.

पहिल्या हिवाळ्यात शत्रू दिसलाच नाही.
गोवर दिसला.
भरघोस मिशांची माणसं पोरांच्या दुखण्यानं गेली.
हगवणीनं त्याहून जास्त.
वहीत मी 'ताप' लिहायचो;
घरी वाचणाऱ्यांना तो शब्द जरा बरा.

मग सरकीच्या गोदामापाशी ती दुपार.
गोळ्यांनी गठ्ठे फुटले,
कापूस म्हातारीसारखा उडत राहिला,
पडलेल्यांच्या उघड्या तोंडांवर बसत राहिला.
समोरचेही स्वखुशीनंच आलेले, टेनेसीचे,
त्यांच्यातही कुणी वळणदार अक्षराचा असणारच.
संध्याकाळी एकोणीस नावांपुढे एकच शब्द लिहिला,
ॲन्सेलच्याही.
हात थरथरला नाही. हे सांगून टाकलेलं बरं.

आणि एप्रिलमधली ती रात्र.
पूल जळालेला, उतार छातीएवढा,
पाणी बर्फासारखं, मशाल लावायची नाही.
हाल्वर म्हणाला, "मला पोहता येत नाही, तू बाजूला राहा."
म्हणालो, राहतो.
पण वही होती. दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली,
नजर वर, वहीवर.
मध्येच कुणीतरी माझा पट्टा धरला
आणि सोडला.
पलीकडे पोचल्यावर पहिल्यांदा पानं चाचपली.
एक थेंब नव्हता.

तीन दिवस हजेरीला त्याचं नाव पुकारलं.
चौथ्या दिवशी कॅप्टन म्हणाले, लिही.
मी लिहिलं: 'फरार'.
'फ' जरा सुंदरच आला.

आज बावीस वर्षांनी पत्र आलंय,
पाद्रीबाबांच्या हातचं, खाली सही गुन्हिल्ड ट्वाइट.
आईची पेन्शन नाकारली, म्हणतात,
वहीत तुमच्या हातचा एक शब्द आहे म्हणून.
पाद्रीबाबांनी कायद्याची कलमं लिहिलीत.
त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरात तिच्या दोन ओळी:
*त्याला पोहता येत नव्हतं.
मग तो पळाला कसा?*

शपथपत्र केलं. वकील म्हणाला,
"तुम्ही पाहिलंत ते सांगा."
मी म्हणालो, पाहिलं नाही. वर बघत होतो.
त्यानं टाक थांबवला. "मग पट्टा?"
पट्ट्याचं सांगितलं.
बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

चौदा महिन्यांनी उत्तर आलं. शब्द खोडला.
महिना आठ डॉलर.
तिचं पुन्हा पत्र: पैसे पोचले, उपकार आहेत,
फक्त त्या नदीचं नाव कळवा.

अंधारात ओलांडली, सकाळी पुढे निघालो,
कुणालाच विचारलं नाही.
वॉशिंग्टनहून त्या पानाची नक्कल मागवली.
आली. माझंच अक्षर, ओळखीचं, मोत्यासारखं:
'कूच. अकरा मैल. रस्ता चांगला.'