दुमडलेलं पान

पुस्तक एकच होतं शाळेत, आणि आम्ही अकरा जण.
म्हणून ते घरोघर फिरलं,
एका घरी दोन रात्री,
चिलोएच्या पावसात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.
माझ्याकडे आलं तेव्हा त्याला
नोल्बेर्तोच्या चुलीचा धूर लागलेला,
आणि बाराव्या पानावर बटाट्याचं साल,
वाळून पारदर्शक झालेलं.

गोष्ट एका पाणमांजरीची.
तिची खाडी, तिचा खडक,
आणि टाकून दिलेल्या जाळ्यात अडकलेलं तिचं पिल्लू.
जाळं टाकणारा माणूस लाल टोपी घालायचा,
दात विचकून हसायचा.
चित्रातसुद्धा तो वाईटच दिसायचा.

एर्सिराबाईंनी विचारलं, असा कोणी आहे आपल्या बेटावर?
आम्ही शोधला.
धक्क्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, शनिवारच्या बाजारात.
लाल टोपी एकच सापडली,
पाद्रीबाबांच्या बहिणीची. लोकरीची.

मग वह्या घेऊन किनाऱ्यावर गेलो.
ओहोटी होती. मोजलं:
दोरखंडाचे तुकडे एकशे सात,
माशांच्या खाद्याची पोती चार,
एक निळं पिंप,
शिंपले थोडे.
पाणमांजर शून्य.
यास्नानं ते शून्य गिरवलं, गिरवलं,
पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत.

पोत्यांवर सॅमन कंपनीचं नाव होतं.
तेच नाव माझ्या बाबांच्या पिवळ्या बुटांवर,
यास्नाच्या आईच्या एप्रनवर,
आणि शाळेच्या नव्या पत्र्यांवर,
ज्यांच्याखाली कोरडे बसून
आम्ही हे पुस्तक वाचत होतो.
बाई फळ्याकडे वळल्या.
बराच वेळ खडू शोधत राहिल्या.
खडू हातातच होता.

त्या रात्री बाबांनी पुस्तक मागितलं.
ओळीवर बोट ठेवून वाचायचे ते,
मधेच थांबत,
अंधारात गाठ चाचपावी तसे.
मी झोपेचं सोंग घेतलं.
दाराशी टांगलेला रेनकोट ठिबकत होता.
एकदाच बोलले, आईशी की स्वतःशी, कळलं नाही:
"आणि ह्याची टोपी काढली तर?"

सकाळी पुस्तक माझ्या दप्तरात होतं.
शेवटी पिल्लू सुटतं, ते मला ठाऊक होतं,
सगळ्यांसारखं मीही आधी शेवट वाचला होता.
पण एकसष्टाव्या पानाचा कोपरा दुमडलेला,
जिथे तो माणूस होडीच्या काठाशी उभा आहे
आणि जाळं अजून हातात आहे.

मी तो कोपरा सरळ केला नाही.
पुढे पुस्तक यास्नाकडे गेलं,
मग नायमानांकडे, मग धक्क्यापलीकडच्या घरांत.
कुणीच केला नाही.