तोंड मिटून

पंचवीस वर्षं पाजपंढरीहून हर्णैच्या लिलावाला जाते मी,
ओल्या वाळूत पाय रोवून ओरडते,
बाराशे, साडेबाराशे, तेराशे,
अगो बोट खाली कर, भाव माझा लागलाय!
आणि आता ही परकार सिस्टर सांगते,
मावशी, तोंड मिटा.

उपकेंद्राच्या बाकावर तिनं दंडाला पट्टा गुंडाळला,
फुगवला, आकडा पाहिला,
काही बोलली नाही. पुन्हा फुगवला.
मग म्हणाली, मीठ कमी, सुकी मासळी बंद.
म्हटलं, बाई, मग घरात राहिलं काय?

गोळी दिली, सकाळची एक.
आणि म्हणाली, निजायच्या आधी हे करा:
अंगठ्यांनी कान दाबा, ओठ मिटा, दात सुटे,
नाकानं श्वास घ्या, सोडताना
भुंग्यासारखं.
तिनं करून दाखवलं.
डोक्यावरच्या ओढणीत अंगठे सारले, डोळे मिटले,
आणि त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत
भुंगा आला.
डोस घ्यायला आलेलं कुणाचंसं पोर
रडता रडता थांबलं, छताकडे बघायला लागलं.

पहिल्या रात्री मला हसूच आलं.
हसताना ओठ मिटत नाहीत.
दुसऱ्या रात्री पुतण्यानं विचारलं,
काकी, मिक्सर चालू राहिलाय का?
तिसऱ्या रात्री शेजारची दमयंती झाडू घेऊन दारात,
म्हणे तुमच्या वाशाला गांधीलमाशीनं घर केलंय.

पुढचं कधी जमलं ते आठवत नाही.
मला वाटायचं, आवाज घशात असतो.
तिथंच तर खरवडतो ना रोज,
सुरीनं खवलं काढावीत तसा.
पण हा आवाज भलतीकडेच होता.
हनुवटीच्या हाडात, बरगड्यांत,
नाकामागं, जिथं दोन पावसाळे सर्दी मुक्कामाला आहे, तिथं.
छातीवर तळवा ठेवला तर तळव्याला लागत होता,
जसा खडपावर उभं राहिलं की
कानाच्या आधी पायाला भरतीचा धक्का कळतो.

आणि श्वास संपला की
सुकतीच्या शेवटी पाणी उभं राहतं तसं.
ना आत, ना बाहेर.
तेवढ्यात मी कुणाची देणेकरी नसते,
बर्फवाल्याचीसुद्धा नाही.

एका रात्री अशीच बसले होते, कान दाबून.
अंगठे काढले, ओठ उघडले,
तरी आवाज गेला नाही.
तोच सूर, तेवढाच जाड.
क्षणभर घाबरले, म्हटलं डोक्यातच राहिला की काय.
मग कळलं, किल्ल्याच्या अंगानं
आमची होडी येतेय.
शंभर इंजिनांत मला ते एक ओळखू येतं,
पण त्याचा सूर माझ्या हाडांत कधी उतरला
ते मला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

जनार्दन घरात आला, डिझेलचा वास घेऊन.
काय करत होतीस अंधारात?
औषध घेत होते.
कर बघू, म्हणाला. केलं.
त्याला ऐकू येईना. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून
कान कधीच गेलेत त्याचे.
मग त्याचा हात घेतला, माझ्या पाठीवर ठेवला,
आणि श्वास पुरेल तेवढा वेळ घुमत राहिले.
बराच वेळ हात तिथंच.
म्हणाला, इंजिन बरं आहे अजून.
सायलेन्सर नवा बसवलास वाटतं.

आकडा थोडा उतरलाय. गोळी चालूच.
सुकी मासळी मी आठवड्यातून एकदा खाते,
हे सिस्टरला सांगू नका.

लिलावात आताशा मधेच गप्प होते मी.
बैलगाड्या पाण्यातून येतायत, पाट्या उतरतायत,
सगळ्या बायका एका दमात ओरडतायत,
आणि मी सुरमईच्या ढिगासमोर
तोंड मिटून, नाकातून, बारीक.
समोरची व्यापारीण बिथरते.
तिला वाटतं, हिला कसला तरी भाव कळलाय.