साक्ष

पाळकसाहेब म्हणाले, लोंढे, रविवारी साक्ष द्या,
पाचच मिनिटं. मलावीत काय शिकलात ते.

मी हापशाचा फिटर. जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं,
जत ते कवठेमहांकाळ, आधी सायकल, मग लुना,
कॅरेजला पाने आणि साखळी.
माझं बोलणं लोखंडाशी. लोखंड उलटून विचारत नाही.

तरी उभा राहिलो. मिरजेचं चर्च भरलेलं,
पुढच्या बाकांवर स्त्रीमंडळ. कुरडया विकून
त्यांनीच माझं अर्धं तिकीट काढलेलं.
त्यांना आकडा हवा होता,
हापसे किती, तारलेले जीव किती.

म्हणालो, सहा जण गेलो. सतरा दिवस.
माझ्या पेटीत चाळीस वायसर, चामड्याचे, अडीच इंची,
एकेक उजेडात धरून पारखलेला, एरंडेलात मुरवलेला.
मुंबईत तपासणीवाल्यानं वास घेतला, म्हणाला, खायचं आहे का?

तिथली माती लाल, महाबळेश्वरच्या घाटात असते तशी.
मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पाला.
आमच्या कण्यांचाच भाऊ, फक्त मिठाला महाग.
सकाळी वाटेत भेटेल तो थांबायचा,
रात्र कशी गेली विचारायचा,
आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जायचा नाही.
मी मनात म्हणायचो, कामाचा खोळंबा.

हापसा शाळेमागे होता. बंद.
मी बाह्या सारल्या, हेड खोललं, पाइपातून रॉड ओढला.
वायसर लावला. बसेना.
तिकडचा हापसा दोन इंची.
दुसरा लावला. मग सातवा. मग अकरावा.
जसा काही चाळिसातला एखादा
माझी लाज राखायला आक्रसणार होता.

थोकोझानीबाई बाजूला उभी, पाठीला मूल बांधलेलं.
गावचा हापसा तिच्याकडे असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं;
मीही विचारलं नव्हतं.
ती घरी गेली, पत्र्याचा डबा घेऊन आली.
डब्यात रबरी सील. बरोब्बर मापाचं.
चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात पाणी आलं.

मी विचारलं, बाई, सील होतं, हात होता,
मग हापसा बंद का ठेवला?
इंग्रजी तिचंही मोडकं, माझंही. म्हणून नीट कळलं.
म्हणाली, महिन्यामागं निरोप आला,
समुद्रापलीकडून पाहुणे येतायत, हापसा दुरुस्त करायला.
पाहुण्याच्या हातचं काम आपण कसं काढून घ्यायचं?

महिनाभर त्या बाया नदीवर जात होत्या.
माझ्यासाठी.

एवढं बोललो आणि चर्चमधले पंखे ऐकू यायला लागले.
पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं, मग स्तोत्राचा आकडा सांगितला.
बाहेर चपला शोधताना मनोरमाबाई आवळे म्हणाल्या,
म्हणजे आमच्या कुरडया पाण्यात?
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पुढचं मी चर्चमध्ये सांगितलं नाही.

जतेकडच्या आमच्या वस्तीवरचा हापसा
दिवाळीपासून मेलेला. शांतवननं तीनदा निरोप धाडला.
तिन्ही वेळा मी म्हणालो, परदेशातून आल्यावर बघू.
तो हापसा अडीच इंची.

सोमवारी पहिल्या एसटीनं गेलो. रॉड काढला,
समुद्र दोनदा ओलांडलेला वायसर लावला.
बसला. काही आवाजसुद्धा केला नाही.
आधी गंज आला, मग चिखल, मग पाणी.
एकोणचाळीस शिल्लक. आणि शेजारच्या वाड्यांवर
किती हापसे मुके आहेत, हे मला आधीपासून माहीत होतं.

शांतवनची आई घागर घेऊन आली,
बोलली नाही, घागर खाली लावली.
मी म्हणालो, मावशी, रात्र कशी गेली?
तिनं वर बघितलं. असं कोण विचारतं?
मग पदरानं तोंड पुसलं आणि सुरू झाली,
दिवाळीपासून.

घागर भरून वाहायला लागली.
मी पाना खाली ठेवला.